कुडाळ का वगळलं, ते उघडपणे सांगा

प्रति,
आंतरराष्ट्रीय ओपन सोर्स परिषदेच्या भारतीय निमंत्रक समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना पाहता, वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर, करणाऱ्यांची दरवर्षी नव्या देशात भरणारी आपली परिषद भारतात यावी म्हणून जो प्रस्ताव तयार होतो आहे, त्यातून सिंधुदुर्गातल्या कुडाळचं नाव काढलं गेलं आणि त्या जागी महानगरातलं एक पंचतारांकित हॉटेल आलं. आम्हाला हे कळलं ते तीन ओळींच्या निरोपातून. कोकणात पोहोचण्याची आणि इंटरनेटची खात्री नाही म्हणून ठिकाण बदलतो आहोत, केलेल्या कामाबद्दल आभार, इतकंच त्यात होतं. आम्ही तपशील विचारला तेव्हा निर्णय झालेला आहे, असं उत्तर आलं.

म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. समितीतल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि परिषद भारतात आली पाहिजे याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण ज्या कामाचा पायाच मुळी सगळं सगळ्यांना पाहता यावं हा आहे, त्या कामाची परिषद कुठे भरवायची हे दार लावून ठरावं, हे मुकाट्याने मान्य करणं मला जमत नाही. शिवाय हा प्रश्न एकट्या कुडाळचा नाही. उद्या चिपळूण, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कुणी प्रस्ताव द्यायचा म्हटलं, तर त्यांनाही हेच तीन ओळींचं उत्तर मिळणार.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी कुडाळला राहतो. शाळांचे संगणक दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या तालुक्यांतल्या शाळांमधून माझी फिरती असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि जिथे जावं तिथे मुख्याध्यापक एकच गोष्ट विचारायला लागले : या मशिनींचं आता करायचं काय? विंडोज ११ला लागणारी सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर या जुन्या संगणकांत नाही. नवे घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत. मशीन मात्र धडधाकट असतं, हार्ड डिस्क बदलून साधी एसएसडी टाकली की पळायला लागतं. मी त्यावर विंडोजऐवजी डेबियन ही मोफत, खुली प्रणाली बसवतो, हलका डेस्कटॉप देतो, मराठी टायपिंगची सोय करतो आणि शिक्षकांना दोन दिवस शेजारी बसून शिकवतो. भंगारात जाणारी खोली पुन्हा सुरू होते. केरळने तर सरकारी शाळांतून हे राज्यभर करून दाखवलं आहे.

हे काम मला कुठल्या क्लासने शिकवलं नाही. आपल्यासारख्या परिषदांमध्ये झालेल्या भाषणांची जी रेकॉर्डिंग लोक फुकट उपलब्ध करून देतात, ती रात्री बसून पाहत मी शिकलो. त्या भाषणांतले लोक एकदा तरी आपल्या गावात यावेत, आपल्या मुलांनी त्यांच्याशेजारी बसून एखादा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सोडवावा, ही माझी फार जुनी इच्छा. आमच्या गटात कॉलेजातली मुलं-मुली आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि एक निवृत्त पोस्टमन आहेत. या सगळ्यांनी नोकरी-अभ्यास सांभाळून प्रस्तावाची तयारी केली होती.

पोस्टमन काकांचं काम थोडं सविस्तर सांगतो, कारण कुडाळला परिषद कशासाठी, याचं उत्तर त्यात आहे.

कोकणातलं गाव म्हणजे वाड्या. कागदावर गाव एक, पण वाड्या डोंगर, सडा आणि खाडीच्या कडेने पांगलेल्या. पत्ता सांगायचा तर वाडीनेच सांगावा लागतो, आणि नेमक्या वाड्याच नकाशावर नसतात. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, माडा-फोफळीच्या बागा झोपल्या. दुरुस्तीला बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले. माणसं राबायला तयार, सामान गाडीत, पण कुठली वाडी कुठे आणि तिथे गाडी जाते की चालत जावं लागतं, हे सांगणारा कागद कुणाकडे नव्हता. त्यानंतर आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, वाड्यांची नावं घालायला घेतली. मुलं मोबाइल घेऊन पायवाटेने चालतात आणि वळण लागलं की जागेची खूण करतात. संध्याकाळी काका खुर्ची ओढून पडद्यासमोर बसतात आणि सांगतात, ही वरची वाडी, ही बांधापलीकडची, हिला सगळे वेगळ्याच नावाने ओळखतात, दोन्ही नावं घाला. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस. त्यांच्या डोक्यातला नकाशा आता सगळ्या जगाला वापरता येतो.

हे काम करताना एक अडचण वारंवार येते. आमच्याकडे छोट्या ओढ्याला पऱ्या म्हणतात. त्यातलं अर्धं र, ज्याला संगणकवाले लोक पापणीचा र म्हणतात, ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक तऱ्हा म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एकाने पहिल्या तऱ्हेने घातलेलं नाव दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की सापडत नाही. काही फॉन्टमध्ये तर अक्षर फुटतं आणि खाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. मराठी वळणाचा ल आणि श यांचीही हीच गत : बऱ्याच फॉन्टमध्ये ते आकार असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच ते उमटतात. फॉन्ट बनवणारे, अक्षरं जुळवणाऱ्या प्रणालीवर काम करणारे आणि नकाशाचा शोध लिहिणारे लोक एका टेबलाशी बसले तर यातलं बरंचसं दोन-तीन दिवसांत मार्गी लागेल. ते लोक एका टेबलाशी बसतात ते अशा परिषदेत. त्या टेबलाशी आमचे काका आणि आमची मुलं हवीत. हॉटेलच्या प्रवेशशुल्कात आणि खोलीभाड्यात ती बसत नाहीत.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार ही की समितीतलं कुणीही कुडाळला आलं नाही. आम्ही वारंवार बोलावलं. परिषदेसाठी आम्ही सुचवलेल्या कॉलेजचं सभागृह पाहिलं नाही, वसतिगृह पाहिलं नाही, स्टेशनवर उतरून रिक्षाने कॉलेजपर्यंत जायला किती वेळ लागतो ते पाहिलं नाही. न पाहताच 'खात्री नाही' असं लिहिलं गेलं. ज्याने पाहणीच केली नाही, त्याला खात्री कुठून येणार? हॉटेलची मात्र पाहणी झाल्याचं आम्हाला दुसरीकडून कळलं. दोन जागांची तुलना करायची तर दोन्ही जागा पाहाव्या लागतात, एवढीच अपेक्षा होती.

पोहोचण्याबद्दल. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि २०२२ मध्ये सगळी विजेवर आली. रात्री मुंबईत कोकणकन्येत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरतो. जून २०२३ पासून वंदे भारत आहे, ती कणकवलीला थांबते आणि कणकवली-कुडाळ जवळ आहे. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लोकांच्या मनात जे चित्र आहे ते आमच्याकडच्या रस्त्याचं नाही. वरच्या बाजूला काम वर्षानुवर्षं रखडलं हे खरं, पण खारेपाटणपासून झारापपर्यंतचा आमचा पट्टा केव्हाच चौपदरी झाला आहे. परदेशातून येणाऱ्यांसाठी गोव्याचा मोपा विमानतळ आहे. तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात, आणि तिथून कुडाळ साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. मुंबईत विमानतळावरून दक्षिण मुंबईत गर्दीच्या वेळी निघालेल्या माणसाला याहून लवकर पोहोचण्याची हमी देता येते का? चिपीचा विमानतळ आमच्या उंबऱ्याशी आहे, पण तिथल्या सेवेचं सातत्य पाहता प्रस्ताव त्यावर आम्ही बांधलाच नव्हता. हे सगळं प्रस्तावाच्या प्रवास विभागात लिहिलं होतं. ते वाचून कुणी एक प्रश्न जरी विचारला असता तरी बरं वाटलं असतं.

व्हिसाची अडचण कुडाळला जितकी, तितकीच महानगराला. आंतरराष्ट्रीय परिषदेला केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते, पाहुण्यांना परिषदेचा व्हिसा लागतो, आणि ही धावपळ महिनोन् महिने आधी सुरू करावी लागते. ठिकाण बदलून यातलं काहीच हलकं होत नाही.

इंटरनेटबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या कामाला सगळ्यात जास्त डाग इथे लागला.

कोकणात नेट नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. परिषदेला नेमकं काय लागतं, याचा हिशोब आम्ही मांडला होता. तीनएकशे माणसं लॅपटॉप आणि फोन घेऊन एका छताखाली बसणार. त्यातलं सगळ्यात अवजड काम म्हणजे पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरच्या फायली, उतरवणं, आणि ते बाहेरच्या जोडणीवर पडूच द्यायचं नसतं. संपूर्ण संग्रहाची प्रत आवारातल्याच एका सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे सगळे तिथूनच घेतात. थेट प्रक्षेपणाला वाटतं तेवढी क्षमता लागत नाही. एका सभागृहाच्या चांगल्या चित्राला पाच-सहा एमबीपीएसची अपलोड पुरते. ते चित्र एकदाच बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचं, जगाला वाटायचं काम तो करतो. डेबकॉन्फ या डेबियनवाल्यांच्या वार्षिक जागतिक परिषदेचे स्वयंसेवक गेली कित्येक वर्षं असंच करत आले आहेत, त्यांची सगळी साधनं खुली आहेत. सभागृहात एकच मोठा राउटर टांगण्याची चूक करायची नाही. कमी शक्तीचे बरेच ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारी छोटी यंत्रं, लावायचे, प्रत्येकाला तारेने जोडायचं आणि गर्दी वाय-फायच्या पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ढकलायची. वाय-फाय कोलमडण्याचं कारण बहुतेक वेळा बाहेरची लाइन नसते, सभागृहातली मांडणी असते. पंचतारांकित हॉटेलातसुद्धा हे करावंच लागतं, आणि तिथे आपल्या मनासारखी मांडणी करू देतील याची शाश्वती नसते.

बाहेरून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घ्यायचं ठरलं होतं. पण दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग असं होत नाही. दोघांची केबल एकाच चरातून गेलेली असली तर जेसीबीच्या एका घासात दोन्ही जोडण्या जातात. म्हणून आमची मुलं भर उन्हात कॉलेजच्या फाटकापासून महामार्गापर्यंत केबलचा माग काढत चालत गेली. कुठे खांबावरून आहे, कुठे जमिनीखालून, मोरीपाशी दोन्ही एकत्र येतात का, हे वहीत लिहून, फोटो काढून आणलं. एके ठिकाणी दोन्ही खरंच एकत्र येत होत्या. मग तिथे तिसरा पर्याय काय, तो आम्ही कंपनीच्या माणसाला भेटून ठरवला आणि प्रस्तावात नकाशासह दिला. ही तयारी ज्यांनी केली त्यांना 'इंटरनेटची खात्री नाही' एवढंच उत्तर मिळालं. त्या मुलांना मी काय सांगू?

वीज जाते. खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात झाड पडलं की तासन् तास जाते. म्हणूनच आम्ही जून ते ऑक्टोबर हा काळच सोडला होता. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. गणपतीत तर मुंबईकर चाकरमान्यांनी गाड्या आधीच भरलेल्या असतात. डिसेंबरच्या शेवटी मालवणला पर्यटकांची झुंबड, खोल्यांचे भाव चढलेले. राहतात नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी-फेब्रुवारी. त्या दिवसांत हवा कोरडी असते, झाडं पडत नाहीत, आणि वर जनरेटर व यूपीएसची तरतूद अंदाजपत्रकात होती.

इतक्या माणसांची व्यवस्था जमेल का, अशीही शंका कुणी काढली असं ऐकलं. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. तारीख दरवर्षी वेगळी, कौल घेऊन ठरते, म्हणजे तयारीला हाताशी वेळ कमीच. तरीही लाखो लोक येतात, एसटीच्या जादा गाड्या लागतात, कोकण रेल्वे खास गाड्या सोडते, दर्शनाची रांग, पाणी, पार्किंग, हरवलेली मुलं, सगळं गावातली माणसं सांभाळतात. त्या जिल्ह्याला तीनशे पाहुण्यांचं जेवण आणि झोपायची सोय जड जाईल? वसतिगृह होतं, कुडाळमधली साधी लॉज होती, मालवण आणि वेंगुर्ल्यातली न्याहारी-निवासाची घरं होती. मालवणच्या एका काकूंनी तर शाकाहारी, मांसाहारी, हलाल, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, अशा सगळ्या नोंदींचा तक्ता स्वतःहून करून दिला होता.

आता जी गोष्ट मनाला लागली ती. निरोपानंतर समितीतल्या एका सदस्यांनी फोन करून चांगल्या हेतूने सुचवलं की परिषदेच्या मधल्या दिवशीची सहल कोकणात ठेवू, म्हणजे तुमचाही सहभाग राहील. त्यांचा हेतू मी समजू शकतो. पण त्याचा अर्थ असा होतो की आमचा किनारा पाहायला बरा, मासे खायला बरे, काम करायला मात्र आम्ही नको. कोकणातल्या माणसाने पिढ्यानपिढ्या हेच ऐकलं आहे. काम हवं तर मुंबईला जा. गिरणीत गेलो, गोदीत गेलो, आता आयटी पार्कात जातो. ओपन सोर्सने पहिल्यांदा असं काहीतरी हातात दिलं की घरच्या पडवीत बसून जगाच्या कामात वाटा उचलता येतो. त्याच क्षेत्राने आम्हाला सहलीच्या दिवसात बसवू नये.

आणखी एक, छोटी पण तत्त्वाची. नव्या प्रस्तावाचा मसुदा आम्ही पाहिला. व्हिसाच्या प्रक्रियेचं टिपण आणि नेटवर्कच्या मांडणीचा भाग आमच्या प्रस्तावातून जसाच्या तसा घेतला आहे. घेण्याला हरकत नाही, आम्ही ते खुल्या परवान्यानेच दिलं होतं. पण त्या परवान्याची मुख्य अट असते, मूळ लेखकाचा उल्लेख. तो कुठेही नाही. आपण सगळे कंपन्यांना ही अट पाळायला सांगत असतो.

महानगराबाहेर अशी परिषद होत नाही, असं समजण्याला आधार नाही, हेही नोंदवतो. डेबकॉन्फ २००९ साली स्पेनच्या कासेरेसला झाली. तो एक्स्त्रेमादुरा प्रांत स्पेनमधला गरीब, शेतीवर जगणारा भाग. तिथल्या सरकारने २००२ मध्येच डेबियनवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांमध्ये आणली होती, म्हणून लोक तिथे गेले. २०१३ मध्ये ती स्वित्झर्लंडच्या व्होमार्क्यूला झाली, सरोवराकाठचं इवलंसं गाव, पाहुण्यांतले काही तंबूत झोपले. २०२२ मध्ये कोसोव्होतल्या प्रिझ्रेनने डेबकॉन्फ घेतली आणि पुढच्याच वर्षी नकाशा-सॉफ्टवेअरची फॉसफॉरजी ही जागतिक परिषदही. प्रिझ्रेनला जाणारे लोक प्रिस्टिनाला उतरून पुढे रस्त्याने गेले. आणि त्या देशाला भारतासह कितीतरी देशांची मान्यता नाही, तिथे व्हिसाचे प्रश्न किती आले असतील याची कल्पना करा. फॉसफॉरजी २०१८ मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलामला झाली. ते शहर मोठं आहे, पण तिथे नेण्यामागे एक कारण होतं : तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि वस्तीतल्या लोकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर पूर येणाऱ्या भागांचे नकाशे केले होते. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दार-ए-सलामच्या मुलांचं काम चिपळूणच्या मुलांनी पाहणं, यापेक्षा परिषदेचा दुसरा चांगला उपयोग मला सुचत नाही.

भारतात यापूर्वी अशी मोठी परिषद झालीच नाही असंही नाही. डेबकॉन्फ २०२३ साली कोचीला झाली. केरळमध्ये मल्याळम संगणकावर आणणाऱ्यांची एक पिढी वीस वर्षं खपली होती. महानगराच्या वाट्याला तांत्रिक परिषदा दरवर्षी येतात, त्यांना ही एक गेली तरी फरक पडणार नाही. कोकणच्या किनाऱ्याला पुन्हा अशी संधी कधी येईल, हे मला ठाऊक नाही.

या परिषदांमध्ये ठिकाण कसं ठरतं, तेही आपण जाणता. इच्छुक गट आपापले प्रस्ताव सगळ्यांना वाचता येतील असे ठेवतात, प्रश्न उघडपणे विचारले जातात, उत्तरं उघडपणे दिली जातात, मग आंतरराष्ट्रीय समिती ठरवते. भारताच्या प्रस्तावावरही पुढे हीच वेळ येणार आहे. तेव्हा तिथले लोक विचारतील की भारतातल्या दोन ठिकाणांतून हे एक कसं निवडलं. त्यांना द्यायचं उत्तर आधी आपल्या माणसांना द्या.

आमच्या मागण्या अशा.

ठिकाण निवडण्याचे निकष काय होते, ते जाहीर करा. दोन्ही जागांना कोणत्या निकषावर काय शेरा मिळाला आणि तो कुणी दिला, तेही सांगा. निकष नंतर बदलले असतील तर कधी आणि का, हे लिहा.

प्रस्ताव अजून आंतरराष्ट्रीय समितीकडे गेलेला नाही. तो पाठवण्याआधी समितीतल्या किमान दोघांनी कुडाळला येऊन दोन दिवस राहावं. आगाऊ कळवून या किंवा न कळवता या. सभागृहात स्वतः नेटचा वेग मोजा, जनरेटर सुरू करून पाहा, वसतिगृहात झोपा, स्वयंपाकघर बघा. पाहिल्यावरही नको वाटलं तर कारणं लेखी द्या, आम्ही ती स्वीकारू आणि त्यानंतर एक शब्द बोलणार नाही.

नव्या मसुद्यात वापरलेल्या आमच्या भागांना श्रेय द्या. त्या मुलांची नावं त्यात असू द्या. नोकरीसाठी अर्ज करताना त्यांना तेवढाच एक पुरावा असतो.

परिषद शेवटी महानगरातच ठरली, तर कोकणातल्या विद्यार्थ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या प्रवास-निवासाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करा, उरलेल्या पैशांतून नको. आणि परिषदेच्या आधी मराठी फॉन्ट, टायपिंग, शोध आणि नकाशे यांवर तीन दिवसांचं कामाचं शिबिर कुडाळला ठेवा. येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची जबाबदारी आमची. हे शिबिर सहलीच्या ऐवजी नको, कार्यक्रमपत्रिकेत त्याची कामाचा भाग म्हणून नोंद हवी.

शेवटची मागणी पुढच्या सगळ्यांसाठी. आमचा मूळ प्रस्ताव, केबलच्या नकाशापासून जेवणाच्या तक्त्यापर्यंत, समितीच्या जागेवर सगळ्यांना दिसेल असा कायम राहू द्या. नाकारलेला असला तरी काढू नका. दुसऱ्या एखाद्या लहान गावाला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये.

यावर समितीच्या पुढच्या बैठकीत चर्चा व्हावी आणि ती बैठक सगळ्यांना ऐकता येईल अशी घ्यावी, ही विनंती. आमच्या गटातले चौघे त्या बैठकीत प्रश्नांची उत्तरं द्यायला तयार आहेत. पाहणीला येण्याचं ठरलं तर गाडीचं नाव आणि तारीख तेवढी कळवा. कोकणकन्येने आलात तर कुडाळ स्टेशनवर सकाळी आमच्यातलं कुणीतरी गाडी घेऊन उभं असेल.

आपला,
कुडाळच्या गटातला एक कार्यकर्ता
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग